छाट

विडी एका अंगाने जळू लागली की ओढणारा काय करतो, हे आमच्या सुप्याच्या आठवडी बाजारात कोणीही अर्धा तास उभे राहून पाहावे. तो विडी तोंडातून काढतो, डोळ्यांसमोर धरतो, जी कड पुढे पळाली आहे तिला थुंकीने ओले केलेले बोट लावतो, मागे राहिलेली बाजू खाली करून दोन झुरके घेतो; आणि एवढे करूनही ती सरळ जळेना तर शिवी हासडून टाचेखाली चिरडतो. ही शिवी दुकानदाराला नसते, पानाला नसते, पावसाळी हवेलाही नसते. ‘कशी वळलीय बघा!’ असे म्हणून तो मोकळा होतो. दोष वळणाऱ्या हाताचा, हे त्याने गृहीत धरलेले असते. ते हात कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घ्यावे असे वाटण्याचे कारणही त्याच्यापाशी नसते.

बाजारातल्या माणसाची तक्रार मी करीत नाही. दिवसभर मेंढरांमागे नाही तर उसाच्या फडात राबून आलेल्या माणसाने दोन रुपयांच्या वस्तूची कारणमीमांसा करीत बसावे, असे म्हणणे उद्दामपणाचे होईल. माझे भांडण आहे ते हेच गृहीतक उचलून त्यावर हिशोब मांडणाऱ्या व्यवहाराशी, आणि त्याहून अधिक आपल्या, म्हणजे मराठी वाङ्मयाचा व्यवहार करणाऱ्यांच्या, डोळेझाकीशी. एका अंगाने जळणाऱ्या विडीची किंमत तिने आधीच मोजलेली असते. त्या किमतीला व्यवहारात एक नाव आहे: छाट.

मुळात पेटलेली वस्तू तिरपी का जळते? सिगारच्या बाबतीत या प्रश्नाला मोठा मान आहे. सिगारमध्ये आत भरणीची पाने, त्यांना आवळून धरणारे दुसरे पान आणि सर्वांवर नितळ, देखणे वेष्टनाचे पान अशी तीन पदरी रचना असते. भरणीतले जाड, तेलकट, सावकाश जळणारे पान वळणाऱ्याने नेमके मधोमध ठेवावे लागते; ते कडेला सरकले की त्या बाजूची आग मागे पडते. सिगार पासष्ट ते सत्तर टक्के दमटपणात जपावी लागते. पेटवताना ज्योत चहूबाजूंनी फिरवावी लागते. तरीही एक कड पुढे गेलीच, तर मागची कड काडीने हलकेच पेटवून घ्यावी, किंवा मागची बाजू खाली धरावी, कारण आग वर चढते. या सगळ्यावर सिगारचे शौकीन तासन्‌तास बोलतात, आणि त्या बोलण्यात एक सभ्य समजूत असते: दोष पानाचा असेल, हवेचा असेल, पेटवणाऱ्याच्या उतावीळपणाचा असेल. वळणाऱ्याचाही असेल, पण वळणारा तिथे ‘कारागीर’ असतो आणि कारागिराच्या चुकीची चर्चा आदराने होते.

विडीच्या बाबतीत कारणे हीच आहेत, किंबहुना जास्त आहेत. तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे, पान एप्रिल-मेच्या उन्हात गडचिरोली-गोंदियाकडच्या जंगलांत तोडले जाते, वाळते, पोत्यात भरले जाते, गोदामात महिनोन्‌महिने पडते, आणि मग संगमनेरच्या, सिन्नरच्या, सोलापूरच्या, अहिल्यानगरच्या एखाद्या घरात पोचते. तिथे ते रात्रभर भिजते, ओल्या फडक्यात गुंडाळले जाते, पत्र्याचा नमुना ठेवून कात्रीने कापले जाते. त्या पानाला शिरा असतात. जाड शीर ज्या अंगाला आली त्या अंगाला आग रेंगाळते. पान जुने, भेगाळलेले असेल तर त्या भेगेतून हवा शिरते आणि तिथली कड धावत सुटते. जर्द्यात काडी राहिली असेल तर तिच्याभोवती पोकळी राहते. जर्दा भुकटीसारखा बारीक असेल तर एका बाजूला दाटतो. वळताना पानाचा एक पदर दुसऱ्यावर चढतो, म्हणजे विडीच्या अंगाला एकीकडे पानाची जाडी दुप्पट असतेच. तो तिच्या घडणीचा भाग आहे. शिवाय तेंदूच्या पानातून कागदासारखी हवा खेळत नाही, म्हणून विडी सतत ओढावी लागते, नाही तर विझते. भट्टीत नीट शेकली न गेलेली किंवा पावसाळ्यात दुकानाच्या फळीवर सादळलेली विडी तर कोणी कितीही सुबक वळलेली असो, ती वाकडीच जळणार. आणि शेवटी, वाऱ्यात एकाच बाजूला काडी लावून पेटवणारा तो स्वतः आहेच.

या यादीत हातांचा वाटा किती? जर्दा सारखा पसरणे आणि पान सारखे आवळणे, एवढाच. पान तिचे नाही, ते मोजून दिलेले असते. जर्दा तिचा नाही. भट्टी तिची नाही, गोदाम तिचे नाही, पावसाळा तर कोणाचाच नाही. तरीही विडी तिरपी जळू शकते या शंकेचा सगळा भुर्दंड तिच्या मजुरीवर. ‘शंकेचा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. कारण तपासनीस विडी पेटवून पाहत नाही. तो जुडी हातात घेतो, दोन बोटांत दाबतो, डोळ्यांनी तोंडे पाहतो आणि सैल वाटली, आखूड वाटली, पानावर डाग दिसला की बाजूला टाकतो. न पेटलेल्या विडीला ती कशी जळेल याबद्दल शिक्षा होते. आणि बाजूला टाकलेली विडी मोडून फेकली जातेच असे नाही, ती पुढे विकलीही जाते, मजुरी मात्र कापलेलीच राहते, ही तक्रार विडीकामगारांच्या संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते: माल तपासायचा नाही का? तपासावा की. पण तपासणीचा अर्थ दोष शोधणे असेल, तर दोषाचे मूळ शोधणे हा तिचाच भाग असला पाहिजे. हजार विड्यांसाठी ठरावीक वजनाचे पान दिले जाते. त्यात फाटके, किडके, जाड शिरांचे पान निघाले की दोनच वाटा उरतात. तेच पान वापरून छाट पत्करायची, नाही तर पदरचे पैसे घालून बाजारातून चांगले पान आणायचे. म्हणजे कच्चा माल पुरवण्याची मालकाची जबाबदारी मजुरीतून भागवायची. ज्याला हे न्याय्य वाटते त्याने एकदा शिंप्याला फाटके कापड द्यावे आणि सदरा फाटका शिवला म्हणून शिलाई नाकारून पाहावी.

ही गोष्ट कायद्याला कळत नव्हती असेही नाही. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी एक कायदा केला. (विडी आणि सिगार एका पंक्तीला बसलेली मला तरी याच ठिकाणी आढळली.) त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात तीन तंटे एकापाठोपाठ एक मांडलेले आहेत: कच्चा माल देण्यावरून होणारा, विडी नाकारण्यावरून होणारा, आणि नाकारलेल्या विडीच्या मजुरीवरून होणारा. ही रांग कारकुनी नव्हे. तीत एक कार्यकारणभाव आहे: पान वाईट, म्हणून विडी वाईट, म्हणून मजुरी बुडाली. कायद्याचा मसुदा करणाऱ्या कोणा अनामिकाने आपल्या कथा-कादंबऱ्यांना जी संगती लावता आली नाही ती तीन ओळींत लावली. पुढे राज्यांनी केलेल्या नियमांत छाट साधारणपणे शेकडा पाचाहून अधिक असू नये अशी मर्यादा आली, आणि कामगाराचा मुद्दाम हलगर्जीपणा नसेल तर नाकारलेल्या विडीचीही निम्मी मजुरी द्यावी असे ठरले. त्या इंग्रजी नियमांत ‘छाट’ हा शब्द जसाच्या तसा आहे. त्याला इंग्रजी प्रतिशब्द जोडावा लागला, पण त्याची जागा कोणाला घेता आली नाही. विडी उत्पादकांनी या कायद्याला आव्हान दिले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

कागदावरचा कायदा आणि जुडी दाबणारी दोन बोटे यांत अंतर राहिले, हे सांगायला नको. वळणारी बाई घरी बसून वळते. तिच्या आणि कारखान्याच्या मध्ये ठेकेदार असतो. पाच टक्क्यांची छाट कोणत्या शंभरातली, हे मोजणारा तोच. तंटा नेऊन घालावा असा अधिकारी कागदावर असतो, पण तिथवर जाण्यात एक दिवसाच्या विड्या बुडतात. बोट दाखवून ‘ही का टाकली?’ असे विचारणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात कोणते पान मिळेल, याचाही विचार तिला करावा लागतो.

आता आपल्या अंगणाकडे वळतो. गेल्या पाऊणशे वर्षांतील मराठी ग्रामीण कथा चाळून पाहा. विडी जागोजाग आहे. पाटील विडी पेटवतो, तराळ विडी मागतो, म्हातारा विझलेले थोटूक कानामागे खोचतो, दोन माणसांतला अबोला एका काडीने सुटतो. आम्ही प्राध्यापक मंडळी याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो आणि त्यावर गुण देतो. झुरका, थोटूक, ठसका, धूर: विडीचे सगळे शब्द ओढणाऱ्याच्या बाजूचे. वळणारीच्या बाजूचे शब्द कुठे आहेत? फर्मा, जुडी, पान भिजवणे, तोंड दाबणे, छाट हे शब्द सोलापुरात आणि सिन्नरात घराघरांत रोज उच्चारले जातात, पण ‘ग्रामीण’ नावाच्या आपल्या वाङ्मयीन खात्यात त्यांची नोंद फारशी नाही, कारण विडी वळणारी बाई बहुधा शहराच्या कडेला राहते, अनेकदा घरी तेलुगू बोलते, आणि आपल्या ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘नागर’ या तीन खणांपैकी एकातही ती बसत नाही. खण चुकीचे असतील ही शक्यता आम्ही पडताळली नाही. बाईच दिसेनाशी झाली.

गंमत अशी की समीक्षेची अर्धी परिभाषा या हातकामातूनच आल्यासारखी वाटते. ‘बांधणी सैल आहे’, ‘वीण घट्ट नाही’, ‘भरणा जास्त झाला आहे’. कादंबरीची जुडी दोन बोटांत दाबून आम्हीही छाट काढतोच. पान कोणी दिले, जर्दा कसला होता, लेखक कोणत्या घरात बसून कोणत्या उजेडात लिहीत होता, हे विचारण्याची पद्धत आमच्यातही नाही. पण ही तुलना इथेच थांबवतो. लेखकाची बुडते ती कीर्ती, तिची बुडते ती भाकरी.

अपवाद नाहीत असे नाही. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले, आणि तंबाखूच्या त्या गावातली राबणारी माणसे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत सरळ आली, प्रदर्शनासाठी मांडलेली नव्हेत. २०२४ साली ते गेले तेव्हा आपण हळहळलो. त्याआधी अभ्यासक्रमांत त्यांना किती जागा दिली होती, हे ज्याने त्याने आपापल्या विद्यापीठाची पुस्तके उघडून पाहावे. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चे, म्हणजे विडी कायद्याच्याच वर्षाचे. त्या वर्षी गिरणीचा आणि रस्त्याचा कामगार मराठी कवितेत ताठ उभा राहिला. विडीकामगार बाई कायद्यात आली, कवितेत यायची राहिली. सुर्व्यांना यात दोष देणे मूर्खपणाचे होईल. एका कवीने सगळ्यांचे लिहावे अशी अपेक्षा धरणारी परंपराच दरिद्री असते.

निपाणीचेच आणखी एक उदाहरण. तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनात ६ एप्रिल १९८१ रोजी तिथे गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्याची आठवण शेतकरी चळवळीच्या मराठी लेखनाने जिवंत ठेवली, ते योग्यच झाले. त्याच काळात तंबाखूच्या वखारींतल्या बायका संघटित होत होत्या. त्यांच्यावरचा चित्रपट १९८२ साली झाला. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ असे त्याचे मराठी नाव. केला कोणी? दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींच्या ‘युगांतर’ या बंगळूरच्या गटाने. भाषा आपली, बायका आपल्या, वखार आपल्या उंबऱ्यावरची, आणि पाहायला आले ते बाहेरचे. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण आभार मानताना थोडी लाजही वाटायला हवी.

‘साहित्याचा आणि विड्यांचा संबंध काय?’ असे ज्यांना विचारावेसे वाटते त्यांनी क्यूबाकडे पाहावे. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. ओट्यावर एक वाचक बसतो, खाली शेकडो हात पाने वळतात. वर्तमानपत्र झाले की कादंबरी. ‘माँटेक्रिस्टो’ या सिगारीचे नाव अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून पडले ते कामगारांना ती फार आवडे म्हणून, असे सांगतात. इतके लांब जायचे नसेल तर कण्णूरला जावे. तिथल्या विडी शाळांत एक जण वर्तमानपत्र वाची आणि बाकीचे त्याच्या वाटच्या विड्या वळून देत. १९६६ चा कायदा लागू करण्याची वेळ आली तेव्हा खासगी मालकांनी तिथले काम बंद केले, हजारो कामगार उघड्यावर आले, आणि १९६९ मध्ये त्यांच्याच सहकारातून ‘दिनेश बीडी’ उभी राहिली. जिथे कामगार एका छपराखाली बसतात, ऐकतात, बोलतात, तिथे छाट काढणाऱ्या बोटाकडे चार डोळे वळतात. आपल्याकडे सोलापुरात नरसय्या आडम यांच्यासारख्यांनी त्या बायकांना एकत्र आणले, त्यांच्यासाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, आणि २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते तिच्या चाव्या दिल्या गेल्या. ते मोठे काम आहे. त्या दहा हजार घरांत वाचून दाखवायला किती मराठी लेखक गेले? शताब्दी साजऱ्या करणाऱ्या आपल्या वाङ्मयीन संस्थांनी याचे उत्तर द्यावे. साहित्य संमेलनाच्या मंडपापासून कुंभारीचा रस्ता फार लांब नाही.

विडीचा म्हणून आपल्याकडे एकच मोठा गदारोळ अलीकडे झाला, तो नावाचा. २०२० साली ‘संभाजी बिडी’ या नावावरून आंदोलन पेटले, पुरंदरच्या पायथ्याशी उपोषण झाले, आणि पुढच्या वर्षी ती विडी ‘साबळे बिडी’ झाली. छत्रपतींचे नाव धुराच्या पुडक्यावर नको, ही भावना मला समजते; सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीचा, पुरंदर आमच्या शेजारी. (सुप्यात संभाजी म्हटल्यावर जुन्या माणसांना आधी संभाजी मोहिते आठवतात, शिमग्याचे पोस्त मागायला आलेल्या भाच्याच्या हाती सापडलेले मामा. पण ते असो.) नाव बदलले हे बरेच झाले. पण त्या महिन्यांत जे वाचले, ऐकले, त्यात वळणाऱ्या बायका आल्या त्या एका आकड्याच्या रूपाने: इतक्या हजारांचा रोजगार जाईल, किंवा जाणार नाही. पान कसले मिळते, छाट किती निघते, असे कोणी विचारलेले माझ्या वाचनात आले नाही. वेष्टनावरच्या अक्षरांसाठी माणसे उपाशी बसली. वेष्टनाच्या आत जी आहे तिच्यासाठी एवढी गर्दी मी तरी पाहिलेली नाही.

शेवटचा आक्षेप आरोग्याचा. विडी विष आहे, ती बंद व्हावी, मग तिच्या मजुरीसाठी कशाला रडायचे? विडी विष आहे यात वाद नाही. आणि ते विष पहिल्यांदा तिच्याच नाकात जाते, जर्द्याची भुकटी होऊन, घरातल्या पोरांसकट. ती बंद व्हायची असेल तर त्या बायकांना दुसरे काम दिल्यावर व्हावी. दिनेश बीडीच्या सहकाराने विडीचा खप घटू लागला तशी खाद्यपदार्थांपासून छत्र्यांपर्यंतची कामे उभी केलीच. पण ‘वस्तू वाईट, म्हणून मजुरी बुडाली तरी चालेल’ हा तर्क सज्जनांच्या तोंडी फार शोभतो आणि ठेकेदाराच्या फार सोयीचा असतो. दारूच्या कारखान्यातल्या कामगाराला आपण असे सांगत नाही. त्याची संघटना असते.

आता १९६६ चा कायदा इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेत विलीन झाला. संहितेत विडी-सिगारचा वेगळा भाग आहे. परवाना कोणी घ्यायचा, घरी काम नेण्याची मुभा कोणाला, हे त्यात आहे. जुन्या एकोणचाळिसाव्या कलमात जी रांग होती, पान, नकार, मजुरी, ती राज्याच्या नियमांत स्पष्ट शब्दांत राहिली पाहिजे, पाच टक्क्यांच्या मर्यादेसह, आणि तिच्यात एक गोष्ट नव्याने घातली पाहिजे: छाट काढताना त्या खेपेला दिलेल्या पानाचा नमुना समोर असावा, आणि पान कमअस्सल निघाले तर छाट शून्य धरावी. मागणी कामगार संघटनांची आहेच. मराठीच्या प्राध्यापकांनी, लेखकांनी, संपादकांनी त्या निवेदनाखाली सही करायला हरकत नसावी. मसुदा मराठीत लिहावा लागेल. तेवढे तर आपल्याला येते.